कुणात मिसळत नाही म्हणे

मूल तीन वर्षांचं झालं तरी बोलत नाही. हाक मारली तर वळून बघत नाही. खेळण्यातली गाडी उलटी धरून तासभर तिचं एकच चाक फिरवत बसतं. अशा वेळी राधानगरी तालुक्यातल्या आईला पहिला सल्ला कोण देतं? डॉक्टर? नाही. सोप्यात बसलेली चार वडीलधारी माणसं.

"ह्याचा बा बी उशिरानंच बोलला हुता."

बोलला असेल. पण हाक मारल्यावर बाप वळून बघत होता का? हे कुणी विचारत नाही. आणि विचारायला हवं ते नेमकं हेच.

दुसरा सल्ला आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला नेऊन आणण्याचा. न्यावं की. श्रद्धा असेल तर भंडारा जरूर लावावा, आईच्या जिवाला तेवढाच धीर. पण तिथून परत येताना बालरोगतज्ज्ञाकडे थांबायला देव कधीच नको म्हणत नाही. नको म्हणतात ती बरोबर आलेली माणसं.

तिसरा सल्ला धाकटं भावंड आणण्याचा. चौथा शाळेत घालण्याचा, "चार पोरांत गेलं की आपसूक सुधारतंय." पाचवा सल्ला यायला अजून वीस वर्षं असतात, पण तो ठरलेलाच असतो. "लगीन लावून द्या, वळणावर येतंय."

म्हणजे कुणाच्या तरी लेकीचा जन्म औषध म्हणून वापरायचा.

या सल्ल्यांत दोन-तीन वर्षं जातात. आणि कुठली वर्षं? मेंदू सगळ्यात झपाट्यानं घडत असतो, ती. स्वमग्नतेची म्हणजे ऑटिझमची प्राथमिक चाचणी दीड वर्षाच्या मुलाचीही करता येते. जाणकार डॉक्टर दोन वर्षांच्या आसपास निदान करू शकतात. आपल्याकडे निदान कधी होतं? शाळेतून तक्रार आल्यावर.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येऊन मुलं तपासतात. वजन करतात, दात बघतात, डोळे बघतात. पथक आलं की बाई मुलांना रांगेत बसवतात. जे मूल रांगेत बसत नाही, त्याला आजीकडे घरी पाठवतात.

ज्याची तपासणी व्हायला हवी, नेमकं तेच घरी.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज साधारण सव्वाशे जणांमागे एक असा आहे. म्हणजे तीनशे मुलांच्या शाळेत दोन-तीन मुलं तरी स्वमग्न असायला हवीत. तुमच्या गावच्या शाळेत एकही नाही म्हणता? मग ती मुलं घरात आहेत. किंवा शेवटच्या बाकावर आहेत आणि मार खातायत.

की मुलगी आहे? मुलींचं निदान आणखी उशिरा होतं. ती कुणाला त्रास देत नाही. शेजारचीचं बघून हसते, शेजारचीचं बघून उठते, शेजारचीचं बघून टाळ्या वाजवते. सगळे म्हणतात गुणी पोर आहे, शब्दाबाहेर नाही. दिवसभर दुसऱ्यासारखं वागून ती घरी येते आणि दार लावून घेते. पोर रोज एवढी का दमते, हे त्या गुणी म्हणणाऱ्यांपैकी एकानं तरी विचारलं?

आता गुन्हेगार शोधू. आपल्याकडे तो तयारच असतो. आई.

गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही. मोबाईल दिला. नोकरीला गेली. जास्त लाड केले. कमी लाड केले. अमेरिकेतही हेच झालं होतं. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचा अभ्यास मांडला आणि ऑटिझमची ओळख करून दिली. त्यानंतर कित्येक वर्षं तिथले भले भले डॉक्टर सांगत राहिले की आईची माया थंड असली की मूल असं होतं. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड यांनी पुस्तक लिहून ते खोडून काढलं. रिमलंड मानसशास्त्रज्ञ होते आणि अशाच एका मुलाचे वडीलही. ऑटिझमची मुळं मेंदूच्या घडणीत असतात, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, हे आता पक्कं झालंय. मोबाईलचा अतिरेक वाईटच, पण त्यानं मूल स्वमग्न होतं असं सिद्ध झालेलं नाही. लसीवर खापर फोडणारा १९९८ चा वेकफिल्ड यांचा लेख 'लॅन्सेट'नं २०१० मध्ये मागे घेतला.

विज्ञानानं आईला निर्दोष सोडून साठ वर्षं झाली. सासरी तिची तारीख अजून पडतेच आहे.

आणि बाप? कोल्हापूरला थेरपीला न्यायचं तर ती. शाळेत बोलणी खायची तर ती. बाप गावात तोंड दाखवायला लाजतो, म्हणून विषयच काढत नाही. पोराचा पहिला शब्द ऐकायला सगळ्यात आतुर तोच असतो, आणि पोराबद्दल एक शब्द बोलत नाही तोही तोच.

औषध आहे का, हा पुढचा प्रश्न. नाही. स्वमग्नता हा ताप नाही, उतरत नाही. बोलणं, हातांची कामं, स्वतःचं स्वतः आवरणं, मनातलं दाखवायला चित्रांचा वापर, हे सगळं शिकवता येतं. त्यानं मुलाचं आयुष्य खरोखर बदलतं. पण त्याला वर्षं लागतात आणि पालकांना घाई असते. त्या घाईवर दुकानं चालतात. स्टेम सेल टोचून मूल बरं करतो म्हणणारे लाखांत पैसे घेतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्येच सांगितलं की ऑटिझमवर या उपचाराची शिफारस करता येत नाही. जाहिराती तरीही चालू राहिल्या. गाय विकून, रान गहाण टाकून आलेल्या माणसाला आयोगाचा कागद कोण वाचून दाखवणार?

राधानगरीकरांना एक गोष्ट वेगळी समजवावी लागू नये. धरण भरलं की आपले सात स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. कुणी बटण दाबत नाही. पाणी पातळीला आलं की दार उघडणारच, तशीच रचना आहे. या मुलांचंही तसंच. ट्यूबलाइटचा गुंजारव, नव्या कापडाची टोच, एकाच वेळी बोलणारी दहा माणसं, मिक्सर, फोडणीचा वास. आपल्या मेंदूनं कधीच बाजूला सारलेलं सगळं त्यांच्यात साठत जातं. पातळी गाठली की मूल जमिनीवर लोळतं, कान दाबतं, डोकं आपटतं.

दरवाजे उघडले की आपण पाऊस किती झाला ते विचारतो. पोर लोळलं की विचारतो, आईनं वळण लावलं नाही का?

पोराला फटका देऊन पातळी खाली येत नाही. आवाज कमी करून येते.

आता मापाकडे या. सरकारनं प्रमाणपत्रासाठी भारतीय मापनश्रेणी ठरवली आहे. तिच्यात चाळीस मुद्दे. मूल नजरेला नजर देतं का? हसल्यावर हसतं का? एकटंच खेळतं का? आपली पाळी येईपर्यंत थांबतं का? प्रत्येक मुद्द्याला एक ते पाच गुण. एकूण सत्तर किंवा जास्त झाले की स्वमग्नता.

मोजमाप हवंच. त्याशिवाय प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्राशिवाय सवलत नाही. पण चाळीसच्या चाळीस मुद्दे मुलाविषयी आहेत. गावाची तपासणी कोण करणार? करूच या.

यात्रेत डॉल्बी किती वाजता बंद होतो? तो शाळेच्या आणि घरांच्या किती जवळ लावतात? लग्नात एखादं मूल पंगतीत न बसता कोपऱ्यात जेवलं तर किती जण आईला विचारतात, "ह्याला काय झालंय?" आणि ते विचारताना किती जण आवाज खाली आणतात? बसमध्ये मूल ओरडलं तर किती माणसं मान वळवतात, आणि किती माणसं खिडकीची जागा देतात? वाढदिवसाला त्याला किती घरांतून बोलावणं येतं?

या प्रश्नांना गुण दिले तर कितीतरी गावं गंभीर गटात जातील.

आता शाळा. इथं जरा थांबावं लागेल, कारण हा शाहू महाराजांचा मुलूख आहे. १९१७ मध्ये महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळचा एक रुपया. कायद्याचा रोख सरळ होता. मूल आहे ना? मग शाळेत पाहिजे.

शंभरावर वर्षं उलटली. आज पालक मूल घेऊन शाळेच्या दारात उभे असतात आणि त्यांना सांगितलं जातं, "याला कोल्हापूरला स्पेशल शाळेत घाला, इथं बाकीच्या पोरांचं नुकसान होतंय."

आता दंड कुणाला करायचा?

कायदा स्वच्छ आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचं नावही नव्हतं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकार आले, त्यात ती आली. चाळीस टक्के किंवा जास्त अक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या मुलाला सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि जवळची शाळा की विशेष शाळा, हे त्याच्या घरानं ठरवायचं. मुख्याध्यापकांनी नाही. कोल्हापुरात 'चेतना विकास मंदिर'सारखी विशेष शाळा आहे. ज्यांना गरज आहे त्यांनी तिथं जरूर जावं. पण राधानगरीहून कोल्हापूर पन्नास किलोमीटरच्या पुढं. वरच्या वाड्यावस्त्यांवरून त्याहून लांब. सहा वर्षांच्या पोरानं रोज शंभर किलोमीटर प्रवास करायचा का?

सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रमाण सांगितलं. प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, पुढच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक. मार्च २०२५ मध्ये राज्यांना पुन्हा बजावलं. आपल्याकडे विशेष शिक्षक फिरता असतो. एका शाळेत आज, तर पुन्हा कधी, ते पावसावर, रस्त्यावर आणि मीटिंगांवर अवलंबून. ज्या मुलाला रोज तेच, त्याच वेळी, तसंच लागतं, त्याच्या नशिबी कधी उगवेल सांगता येत नाही असा शिक्षक!

त्या शिक्षकांना दोष नाही. एका माणसाला अख्ख्या तालुक्याच्या घाटवाटा पालथ्या घालायला लावल्यावर दुसरं काय होणार?

बरं, विशेष शिक्षक येईपर्यंत वर्गातल्या बाईंनी काय करावं? पैसे लागत नाहीत असं पुष्कळ काही आहे. आज काय काय होणार ते फळ्याच्या कडेला चित्रांत काढा. एका वेळी एकच सूचना द्या. घंटा वाजायच्या आधी त्याला सांगा की आता घंटा होणार. मधल्या सुट्टीला त्याला पाच मिनिटं आधी सोडा. खिचडीतली मटकी तोंडाला लागली की त्याला ओकारी येत असेल, तर त्याच्या ताटात कोरडा भात वेगळा वाढा. कान झाकले म्हणून हात ओढू नका. नजर दिली नाही म्हणून "माझ्याकडे बघ" असं दरडावू नका. तो ऐकतोय. बघायला लावलंत, तर ऐकणं बंद होईल.

शाळांची हौस गॅदरिंगच्या वेळी बघावी. त्यालाही नाचात घेतलंय म्हणून सगळे खूश. टोचणारा जरीचा पोशाख, तोंडाला रंग, समोर स्पीकरची भिंत, डोळ्यांवर दिवे. तिसऱ्या रांगेत उभं राहून ते पोर थरथरतंय. पालक मोबाईल वर धरून शूटिंग करतायत. त्याला खरंच सहभागी करायचं असेल, तर आधी त्याला विचारा. पडदा ओढणं त्याला आवडेल, खुर्च्या ओळीत लावणं आवडेल. आणि सगळ्यात सरळ ओळ तोच लावेल.

असं म्हटलं की लगेच दुसरं टोक गाठलं जातं. "असली पोरं लई हुशार असत्यात म्हणं." काही असतात. पुष्कळ नसतात. काहींना बौद्धिक अडचणही असते, काही आयुष्यभर बोलत नाहीत. एखादं पोर वीस वर्षांचं कॅलेंडर तोंडपाठ सांगतं म्हणून त्याला मान आणि दुसरं सांगू शकत नाही म्हणून त्याला अवहेलना? काही करून दाखवलं तरच जगायची परवानगी, असं तुमच्या-माझ्या मुलांना कुणी सांगितलंय का?

पाण्याचं मात्र गंभीरपणे बोललं पाहिजे. यातली बरीच मुलं घरातून नकळत निघून जातात, आणि पुष्कळांना पाण्याची ओढ असते. ऑटिझम असलेल्या मुलांत बुडून मरण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे, हे अमेरिकेतल्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसलंय. आपल्या तालुक्यात काय आहे? धरण, भोगावती, दूधगंगा, ओढे, शेततळी आणि दर चौथ्या रानात विहीर. पावसाळ्यात धरणाचा भोंगा वाजला की मोठी माणसं नदीकाठ सोडतात. ते पोर भोंग्याला घाबरून कुठल्या दिशेला पळेल?

म्हणून अशा मुलाला पोहायला शिकवा. आपल्याकडे पाठीला डबा बांधून विहिरीत पोरं शिकवायची पद्धत आहेच. ढकलून देऊ नका, एवढंच. उथळ पाण्यात, रोज त्याच वेळी, त्याच माणसाबरोबर. विहिरीला कठडा बांधा. आणि त्याचा फोटो अन् आईचा नंबर गल्लीतल्या प्रत्येक घरात असू द्या. लपवलेलं पोर हरवलं तर शोधायला कोण येणार? ते अस्तित्वात आहे हेच गावाला माहीत नसतं.

आणि लपवतात. का लपवतात? मोठ्या बहिणीचं जमवायचं असतं. पाहुणे बघायला येणार त्या दिवशी हा मामाच्या गावाला. लग्नाच्या फोटोत नाही. पत्रिकेत भावंडांची यादी असते, याचं नाव नसतं.

सख्ख्या बहिणीच्या लग्नात ज्याला जागा नाही, त्यानं समाजात मिसळावं ही अपेक्षा आपण कुठल्या तोंडानं करतो?

खेड्यात काहीच चांगलं नाही असं नाही. शहरातल्या दहाव्या मजल्यापेक्षा इथं त्याला मोकळीक जास्त आहे. गावानं त्याला ओळखलं तर तो भरकटल्यावर कुणीतरी हात धरून घरी आणून सोडतं. सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी धार, ठरलेल्या वेळी दूध संस्था, ठरलेल्या वेळी मुक्कामी एसटी. अशी नेमकी लय या मुलांना मानवते. मोठेपणी दूध संस्थेत कॅन मांडणं, नर्सरीत रोपांच्या पिशव्या भरणं, वाचनालयात पुस्तकं लावणं, अशी कामं त्यांतले कितीतरी जण मन लावून करतील. पण कुणी दिली तर.

१९०२ मध्ये शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांना पन्नास टक्के जागा राखून दिल्या. लायक नाहीत, ही ओरड तेव्हाही झाली होती. २०१६ च्या कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना चार टक्के जागा दिल्या. त्यातला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून. या एका टक्क्यातून नेमलेलं स्वमग्न माणूस तुमच्या तालुक्याच्या एखाद्या कचेरीत तुम्ही पाहिलंय?

आई-बाप रात्री कशाची काळजी करतात, ते त्यांना विचारायची गरज नाही. आमच्यामागं याचं काय? अठरा वर्षं पूर्ण झाली की कायद्याच्या नजरेत तो सज्ञान. बँकेत, सातबाऱ्यावर, दवाखान्यात आई आपोआप त्याच्या वतीनं सही करू शकत नाही. त्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं सोय केली आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, ती कायदेशीर पालक नेमते. त्याच न्यासाची 'निरामय' ही वर्षाला एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, आणि तिच्यात थेरपीचाही खर्च धरलाय. वाटणीवरून भावकीत कोर्टात जायचं ते गावात सगळ्यांना ठाऊक. या समितीकडे कसं जायचं ते सांगणारा माणूस शोधून सापडायचा नाही.

प्रमाणपत्रासाठीही कोल्हापूरचीच वाट. पहाटेची एसटी, सीपीआर रुग्णालयातली गर्दी, रांग, नाव पुकारण्याची वाट. गर्दी सहन होत नाही हे सिद्ध करायला त्याला गर्दीतच उभं करायचं. महिन्यातून एक दिवस तिथले तपासणारे तज्ज्ञ तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात का येऊ शकत नाहीत? वेळ ठरवून, एकेका मुलाला?

हे तालुक्याच्या हातात नाही म्हणाल. ठीक. गावाच्या हातात आहे ते बोलू. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. तुमच्या गावात गेल्या वर्षी ते कशावर खर्च झाले? माहीत नसेल, तर ग्रामसभेत विचारा. आसपासच्या पाच-सहा गावांनी ते एकत्र करून वाचा-उपचार करणारा एक माणूस महिन्यातून चार दिवस इकडे आणला, तर किती आयांची एसटी वाचेल? समाजमंदिराची एक खोली त्या चार दिवसांपुरती मोकळी करता येईल की नाही? यात्रेच्या वर्गणीतून डॉल्बीचा एक दिवस कमी करता येईल की नाही?

विषय ग्रामसभेपुढं यायला एक साधा अर्ज पुरतो. तो त्या आईनं द्यावा म्हणून वाट बघू नका, ती कोल्हापूरच्या गाडीत आहे. तुम्ही द्या. खाली सह्यांना जागा सोडा, आणि पहिली सही मुख्याध्यापकांची घ्या.